तासाला २१ डॉलर मिळतात हे खरं, पण तास किती मिळतात? अमेरिकेतल्या गोदाम कामगारांच्या साडेतीन तासांची गोष्ट

"अमेरिकेत गोदामात खोकी उचलायचे तासाला २१ डॉलर मिळतात!"

असं रील समोर आलं की आपला हात आपोआप कॅलक्युलेटरकडे जातो. २१ गुणिले ८ तास, गुणिले महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ४,३६८ डॉलर. मग त्याचे रुपये करायचे, मित्राला पाठवायचं आणि खाली लिहायचं, "भावा, आपण इथे काय करतोय?"

हिशेब बरोबर आहे. फक्त त्यातला एक आकडा चुकीचा आहे. २१ नाही, ८.

कारण या कामगाराला आठ तासांचं वचन कोणीही दिलेलं नसतं. करारात लिहिलेलं वचन असतं साडेतीन तासांचं. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेसतरा तास. आता पुन्हा गुणाकार करा. आठवड्याला ३६७ डॉलर ५० सेंट. वर्षाचे बावन्न आठवडे एकही खाडा न करता काम केलं तरी १९,११० डॉलर, आणि तेही कर कापण्याआधी. अमेरिकेतल्या महागड्या शहरांत एवढ्या पैशात एकट्याचं घरभाडंही धड निघत नाही.

गंमत म्हणजे हे साडेतीन ताससुद्धा सहज मिळालेले नाहीत. त्यामागे युनियन आहे, करार आहे, देश थांबवणारा एक संप आहे. आणि तरीही ते तास रोज हातातून निसटू शकतात. कसे? तेच समजून घेऊया.

आधी ही कंपनी आणि ही युनियन कोणती?

कंपनीचं नाव युनायटेड पार्सल सर्व्हिस, म्हणजे यूपीएस. तपकिरी गाड्या, तपकिरी गणवेश. १९०७ मध्ये सिएटल शहरात सुरू झालेली ही कुरिअर कंपनी आज जगातल्या सर्वांत मोठ्या पार्सल कंपन्यांपैकी एक आहे. तिच्या कामगारांची युनियन म्हणजे टीमस्टर्स. अमेरिकेत या दोघांमध्ये जो राष्ट्रीय करार होतो, त्याखाली २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजार कामगार येत होते.

यूपीएस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ड्रायव्हर. पण या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक लोक गाडी चालवत नाहीत. ते गोदामात असतात. ट्रेलरमधून खोकी उतरवणं, पट्ट्यावर टाकणं, पत्त्यानुसार वेगळी करणं आणि दुसऱ्या गाडीत रचणं हे त्यांचं काम. आणि यातले बहुसंख्य पार्टटाइम असतात.

पण शिफ्ट इतकी छोटी का?

याचं एक कारण पार्सलच्या प्रवासातच आहे.

ड्रायव्हर दिवसभर दुकानं आणि ऑफिसांतून पार्सलं गोळा करतो. ती संध्याकाळी केंद्रावर येतात. तिथे चार-पाच तास जोरात वर्गवारी चालते आणि माल लांबच्या ट्रेलरमध्ये भरून निघतो. रात्री तो मोठ्या केंद्रांवर पोहोचतो, तिथे पुन्हा तेच. मग पहाटे तो तुमच्या शहरातल्या इमारतीत येतो आणि सकाळी ड्रायव्हर निघायच्या आत त्याच्या गाडीत रचून तयार ठेवावा लागतो. या पहाटेच्या शिफ्टला तिथे 'प्रीलोड' म्हणतात. संध्याकाळची ती 'ट्वायलाइट'. याशिवाय दिवसाची आणि रात्रीची शिफ्ट असतेच.

म्हणजे गोदामात काम चोवीस तास सारखं नसतं. ते लाटेसारखं येतं. चार तास श्वास घ्यायला फुरसत नाही आणि मग पट्टा रिकामा. कंपनीचा हिशेब सरळ आहे. लाट आली की माणसं हवीत, ओसरली की नकोत.

ही लाट वर्षभरही बदलत असते. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळापर्यंत पार्सलांचा पूर येतो. तेव्हा तास भरपूर, जादा माणसांची भरती, ओव्हरटाइम. जानेवारी उजाडला की सगळं आटतं. डिसेंबरच्या पगारावर ज्याने घराचा हिशेब बसवला, त्याची फेब्रुवारीत पंचाईत होते.

आता खरा प्रश्न असा की लाट ओसरण्याचा तोटा कोणी सोसायचा? माल कमी आला तर कंपनीने कमी कमवायचं, की कामगाराने? तासांची हमी हे या प्रश्नाचं उत्तर आहे.

साडेतीन तासांची हमी म्हणजे नेमकं काय?

समजा तुमची शिफ्ट पहाटे चार वाजता आहे. तुम्ही तीन वाजता उठलात, बर्फात गाडी काढलीत, वेळेवर हजर झालात. पण त्या दिवशी माल कमी. दोन तासांत काम संपलं आणि सुपरवायझर म्हणाला, "निघा."

हमी नसेल तर तुम्हाला दोन तासांचे पैसे मिळतात. येण्याजाण्याचं पेट्रोल, मोडलेली झोप, त्या वेळात दुसरीकडे करता आलं असतं ते काम, हे सगळं तुमच्या खिशातून.

हमी असेल तर काम दोन तास झालं तरी पैसे साडेतीन तासांचे. माल का कमी आला, ट्रेलर का उशिरा आला, हा कंपनीचा प्रश्न. तुम्ही आलात, तुमचं काम संपलं.

दुसऱ्या बाजूलाही एक कुंपण आहे. पार्टटाइम कामगाराला साधारणपणे दिवसाच्या पाच तासांपलीकडे दीडपट दराने ओव्हरटाइम मिळतो. अमेरिकेचा केंद्रीय कायदा ओव्हरटाइम आठवड्याच्या चाळीस तासांनंतर मोजतो. पार्टटाइम माणूस एका नोकरीत चाळीसपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्या कायद्याचा त्याला उपयोग शून्य. युनियनने ही रेघ करारात पाच तासांवर आणली. स्वस्त पार्टटाइम माणूस घ्यायचा आणि त्याच्याकडून पूर्णवेळ काम काढायचं, हे त्यामुळे महाग पडतं.

आणि तास कोणाला द्यायचे हे सुपरवायझरच्या मर्जीवर सोडलेलं नाही. जादा काम, चांगली जागा, पूर्णवेळ नोकरीची संधी यांत सेवाज्येष्ठता बघितली जाते. जो आधी लागला, त्याला आधी विचारायचं. नव्या पोरांना हे जाचक वाटतं. पण याला पर्याय काय, तर जो साहेबाचा लाडका त्याला तास.

मग तास निसटतात कुठे?

इथे खरी मेख आहे.

दोन तास पंचेचाळीस मिनिटं झालीत. पट्टा रिकामा होत आलाय. सुपरवायझर येतो आणि मोठ्या प्रेमाने विचारतो, "लवकर घरी जायचंय का कोणाला?"

दमलेली माणसं असतात. कॉलेजची पोरं असतात. चार हात वर होतात. यादीवर सही होते, माणसं बाहेर पडतात. झालं! त्या दिवसाची हमी संपली.

कारण हमी कंपनीने घरी पाठवलं तर लागू होते. तुम्ही स्वतःहून गेलात तर नाही. "निघा" आणि "जायचंय का?" हे ऐकायला जवळपास सारखंच, पण पगाराच्या चिठ्ठीत पाऊण तासाचा फरक पडतो. २१ डॉलरच्या दराने पावणेसोळा डॉलर. आठवड्यातून तीनदा असं झालं तर ४७ डॉलरच्या वर. महिन्याचा किराणा यावर हलतो.

म्हणून जुने कामगार नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, की घरी जायची घाई नसेल तर सही करू नका. "मला माझे तास हवेत" एवढंच म्हणा. मग सुपरवायझरला दुसरं काम द्यावं लागतं. झाडू मारा, पट्ट्याखाली पडलेली खोकी शोधा, पुढच्या शिफ्टची तयारी करा.

दुसरी गळती त्याहून गुपचूप होते. माणसं घरी पाठवायची आणि उरलेली खोकी सुपरवायझरने स्वतः उचलायची. करारानुसार युनियनच्या कामगारांचं काम सुपरवायझरने करायचं नसतं. केलं आणि कामगाराने लेखी तक्रार केली, तर सुपरवायझरने जेवढा वेळ काम केलं तेवढ्या वेळाचे पैसे कंपनीला त्या कामगाराला किमान दुप्पट दराने द्यावे लागतात.

पण त्यासाठी वेळ लिहून ठेवावी लागते, तारीख लिहावी लागते, साक्षीदार लागतो, आणि युनियनच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे स्टुअर्डकडे जावं लागतं. पहिल्या महिन्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा हे करत नाही. त्याला तर बऱ्याचदा हमी आहे हेच माहीत नसतं.

हे सगळं सुरू कुठून झालं?

यूपीएसमध्ये पार्टटाइम माणसं मोठ्या प्रमाणावर घ्यायला साठच्या दशकापासून सुरुवात झाली. पण दरी पडली ती १९८२ मध्ये. त्या वर्षीच्या करारात नव्या पार्टटाइम कामगाराचा सुरुवातीचा दर तासाला ८ डॉलरवर आणला गेला. पूर्णवेळ कामगारांचा पगार पुढे वाढत राहिला. पार्टटाइमचा सुरुवातीचा दर पंधरा वर्षांनी, १९९७ मध्येसुद्धा, ८ डॉलरच होता.

कंपनीने मग साहजिक तेच केलं जे स्वस्त होतं. १९९७ च्या आधीच्या चार वर्षांत तिने युनियनच्या ज्या नव्या नोकऱ्या काढल्या, त्यांतल्या दर पाचांत चारांहून जास्त पार्टटाइम होत्या.

४ ऑगस्ट १९९७ ला १ लाख ८५ हजार कामगार संपावर गेले. रॉन कॅरी तेव्हा टीमस्टर्सचे अध्यक्ष होते. संप पंधरा दिवस चालला आणि देशभरातली पार्सलं अडकली. अशा वेळी लोक सहसा संपकऱ्यांवर चिडतात. इथे उलटं झालं. जनमत कामगारांच्या बाजूला गेलं, कारण तोवर 'दोन अर्ध्या नोकऱ्या आणि एकही पूर्ण पगार नाही' हा अनुभव घराघरांत पोहोचला होता.

संपाने काय मिळालं? दोन पार्टटाइम जागा जोडून १० हजार नव्या पूर्णवेळ नोकऱ्या तयार करायचं कंपनीने मान्य केलं. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मिळून एक पूर्ण नोकरी.

पण गोष्ट इथेच संपत नाही. पुढच्याच वर्षी कंपनी म्हणाली, संपामुळे धंदा कमी झालाय, आता या जागा देता येणार नाहीत. प्रकरण लवादाकडे गेलं. २००० मध्ये लवादाने कंपनीला सांगितलं की कबूल केलेल्या जागा द्याव्याच लागतील. म्हणजे संप जिंकून, सह्या होऊनसुद्धा कागदावरची नोकरी हातात पडायला आणखी एक लढाई लढावी लागली.

२०२३ मध्ये काय बदललं?

३१ जुलै २०२३ ला जुना करार संपत होता. युनियनचे अध्यक्ष शॉन ओब्रायन यांनी संपाची जोरदार तयारी केली होती. ९७ टक्के मतांनी संपाला परवानगी मिळाली होती. शेवटी मुदतीच्या आठवडाभर आधी, २५ जुलैला समझोता झाला आणि ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी तो मंजूर झाला. हा करार ३१ जुलै २०२८ पर्यंत आहे.

पार्टटाइम कामगारांसाठी त्यात मोठी वाढ होती. सगळ्यांचा दर ताबडतोब किमान २१ डॉलर. नव्या माणसाचा सुरुवातीचा दरही २१, जो कराराच्या शेवटी २३ होईल. शिवाय ७,५०० नव्या पूर्णवेळ नोकऱ्या.

याआधी काही शहरांत माणसं मिळेनात म्हणून कंपनी स्वतःहून करारापेक्षा जास्त दर द्यायची आणि माणसं मिळायला लागली की तो परत काढून घ्यायची. त्यामुळे किमान दर करारात लिहून घेण्याला महत्त्व होतं.

पण तासांची हमी? ती साडेतीनवरच राहिली.

म्हणून करारानंतरही बऱ्याच पार्टटाइम कामगारांची तक्रार हीच होती. दर वाढवला पण तास कमी केले, तर खिशात तेवढंच येतं. आधी कोणी पाच तास काम करत असेल आणि आता त्याला साडेतीन मिळत असतील, तर त्याचे दीड तास कमी झाले, म्हणजे तीस टक्के. तीस टक्के तास गेले तर ती भरपाई करायलाच दर जवळपास ४३ टक्के वाढावा लागतो. या गणिताला फसू नका, कागदावर करून बघा.

मग लोक टिकतात का? एक मोठं कारण आरोग्य विमा. अमेरिकेत उपचार भयंकर महाग असतात, आणि पार्टटाइम नोकरीत विमा मिळणं दुर्मीळ. इथे ठरावीक महिने काढले की युनियनच्या करारामुळे तो मिळतो. दुसरं कारण शिक्षण. लुईव्हिल शहरात यूपीएसचं मोठं हवाई केंद्र आहे. तिथे १९९८ पासून एक योजना आहे, ज्यात रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्यांची कॉलेजची फी भरली जाते. साडेतीन तासांत घर चालत नाही, पण विमा आणि फी निघते, म्हणून माणूस दिवसा दुसरी नोकरी करून इथे तग धरतो.

हमी कुठे अपुरी पडते?

तासांची हमी चालू असलेल्या शिफ्टला वाचवते. शिफ्टच बंद झाली तर ती काही करू शकत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये यूपीएसने जाहीर केलं की त्या वर्षी सुमारे २० हजार नोकऱ्या कमी होतील आणि जूनअखेरपर्यंत ७३ इमारती बंद होतील. ॲमेझॉनचा माल निम्म्याहून अधिक कमी करायचं कंपनीने आधीच ठरवलं होतं, शिवाय वर्गवारीचं काम यंत्रांकडे जातंय. इमारत बंद झाली तर सेवाज्येष्ठतेने दुसरीकडे जागा मागता येते, पण ती दुसरी जागा चाळीस मैलांवर असेल तर साडेतीन तासांसाठी कोण जाणार?

युनियनच नसेल तर?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान तासांची हमी कुठेही नाही. काही शहरांनी आणि राज्यांनी मात्र वेळापत्रकाचे कायदे केलेत. शिकागोचा कायदा १ जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात गोदामं स्पष्टपणे आहेत. त्यानुसार मोठ्या मालकांनी ठरावीक पगाराखालच्या कामगारांना शिफ्टचं वेळापत्रक चौदा दिवस आधी द्यायचं. शिफ्टला चोवीस तासही उरले नसताना ती रद्द केली, तर बुडालेल्या तासांचे निम्मे पैसे द्यायचे.

यात एक बारीक फरक आहे. हा कायदा 'कधी' यायचं हे आधी सांगायला लावतो. 'किती' तास द्यायचे हे तो ठरवत नाही. ते आजही करारातूनच मिळवावं लागतं.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं, आणि तेही मुंबईत.

गोदीतल्या कामाचं असंच असायचं. जहाज लागलं तर काम, नाहीतर फाटकावर ताटकळायचं. १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी केंद्राने कायदा केला आणि त्याखाली मुंबईत बोर्ड आलं. नोंदणी झालेल्या कामगाराला जहाज येवो न येवो, महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी मिळू लागली. जहाज उशिरा येण्याचा तोटा हमालाच्या पोटावर पडू नये, हाच विचार. पुढे १९६९ मध्ये अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याने तासांची हमी दिली नाही, पण मजुरी मंडळामार्फत आणि भविष्यनिर्वाह निधीसह मिळण्याची सोय केली.

थोडक्यात, माल लाटेने येतो आणि माणसाला भूक रोज लागते, हा पेच जुनाच आहे.

तुमच्या घरातलं कोणी बाहेर जात असेल तर

कॅनडात शिकायला गेलेली आपली बरीच मुलं गोदामात पार्टटाइम काम करतात. तिथे नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजचं सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. म्हणजे वरची मर्यादा सरकारने ठरवलेली आहे. खालची कोणी ठरवली आहे का, हे मुलांनी स्वतः विचारायचं. अमेरिकेत तर विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करताच येत नाही, तेव्हा रील बघून तसला विचार करू नका.

नोकरी कुठलीही असो, सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. दिवसाला किंवा आठवड्याला किमान किती तासांची हमी आहे, आणि ती लेखी आहे का?
२. मला लवकर घरी पाठवलं तर किती तासांचे पैसे मिळतील?
३. वेळापत्रक किती दिवस आधी कळेल?
४. जादा तास कोणाला द्यायचे हे कशावर ठरतं?
५. पैसे कमी आले तर तक्रार कोणाकडे करायची?

आणि कामावर लागल्यावर एक सवय लावा. आलेली आणि निघालेली वेळ रोज फोनमध्ये लिहून ठेवा. पगाराची चिठ्ठी आली की ताडून बघा. यूपीएसच्या कामगारांकडे देशातली ताकदवान युनियन आहे, तरीही त्यांची हमी ज्या दिवशी कोणी मोजत नाही त्या दिवशी बुडते.

तेव्हा पुढच्या वेळी 'तासाला इतके डॉलर' असं रील दिसलं की शेअर करण्याआधी खाली एक प्रश्न नक्की टाका. "तास किती?"